काही लागलं तर सांग

आई किंवा वडील हॉस्पिसच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात शेवटपर्यंत त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, देखरेखीखाली गेले की हे वाक्य घरात सतत ऐकू येऊ लागतं. फोन ठेवताना, जिन्यात, चपला घालताना. म्हणणाऱ्याच्या मनात खरंच माया असते. पण ज्या मुलीला किंवा मुलाला ते म्हटलं जातं, तिला-त्याला नेमकं काय लागतंय हेच त्या क्षणी कळत नसतं. "हो, सांगते ना" म्हणून दार लावलं जातं आणि आत कॉटवर कूस बदलायची वेळ झालेली असते.

मानसिक आधार हा शब्द मोठा आहे, म्हणूनच तो मागताना जीभ अडखळते. "मला आधार दे" असं आपल्याकडे कुणी कुणाला म्हणत नाही. म्हटलं तरी समोरचा "धीर धर, खंबीर राहा" एवढंच म्हणणार. खंबीर राहण्यासाठी आधी सलग सहा तास झोप लागते, हे मात्र कुणी सांगत नाही. या काळात आधार येतो तो वेळेवर मिळालेल्या माहितीच्या रूपात, उसन्या मिळालेल्या एका रात्रीच्या रूपात, किंवा कुणीतरी परस्पर उरकून टाकलेल्या कामाच्या रूपात. त्याच रूपात तो मागावा लागतो.

हॉस्पिस म्हटलं की अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर 'शेवटचं ठेवायची जागा' येते. भारतातलं पहिलं हॉस्पिस वांद्र्याचं शांती अवेदना सदन. ते १९८६ साली सुरू झालं. गोव्यात लोटलीला त्यांचीच शाखा आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं केंद्र १९९७ पासून चालू आहे. तिथे पेशंटसोबत घरचं माणूस राहतं आणि शुश्रूषा शिकून घरी जातं. ही सगळी ठिकाणं मुख्यतः कर्करोगाच्या पेशंटसाठी आणि विनामूल्य. मूत्रपिंडं निकामी झालेली, हृदय थकलेलं, स्मृतिभ्रंशाने सगळं पुसलेलं, अशा आजारांत मात्र बहुतेक वेळा हॉलमधली कॉट हेच हॉस्पिस. डॉक्टर, नर्स, समुपदेशक अशी होम केअरची टीम आठवड्या-पंधरवड्याने फेरी मारते. आठवड्याचे तास १६८. टीमच्या वाट्याचा एखादा तास वजा केला, तर बाकीचे सगळे घराचे.

तो एक तास कसा वापरायचा, हे शिकण्यासारखं आहे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी 'संपूर्ण वेदना' अशी कल्पना मांडली. दुखणं शरीराचं असतं, मनाचं असतं, पैशाचं आणि नात्यांचं असतं, 'माझ्याच वाट्याला का' या प्रश्नाचंही असतं. त्या विचारात घरची माणसंही पेशंटइतकीच काळजीच्या कक्षेत येतात. टीममधला समुपदेशक तुमच्यासाठीही आलेला असतो. आणि आपण काय करतो? चहा. टीम आली की घरातली मुलगी किंवा सून स्वयंपाकघरात जाते आणि बिस्किटांची बशी घेऊन बाहेर येते तोवर निघायची वेळ झालेली असते. त्या दिवशी चहा शेजारच्या काकूंवर सोपवावा. नाहीतर देऊच नये, त्यांना तीन घरी मिळालेला असतो. "मला पंधरा मिनिटं वेगळी हवीत" असं स्पष्ट म्हणावं आणि गॅलरीत, गच्चीच्या जिन्यात, कुठेही बसून बोलावं. पेशंटच्या उशाशी बसून स्वतःविषयी खरं बोलता येत नाही.

त्या पंधरा मिनिटांत विचारायचा पहिला प्रश्न रडण्याचा नाही. "पुढे काय काय दिसेल?" हा आहे. भीतीचा मोठा भाग न कळण्यातून येतो. आपल्या भाषेला हे सगळं पूर्वीपासून माहीत होतं. ऊर्ध्व लागला, घरघर लागली, वात झाला, हे शब्द आजीच्या पिढीला पाठ होते, कारण माणसं घरीच जात. मधल्या काळात मरण आयसीयूच्या काचेमागे गेलं आणि शब्द उरले ते नुसते वाक्प्रचार म्हणून. आता ते दृश्य पुन्हा हॉलमध्ये आलंय आणि पाहणाऱ्याला त्याची ओळख नाही.

तर घरघर म्हणजे घशाशी साठलेली लाळ आणि स्राव. गिळण्या-खाकरण्याची ताकद गेलेली असते आणि श्वास त्यातून जाताना आवाज होतो. ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो, पण ग्लानीत असलेल्या माणसाला त्याचा त्रास बहुधा होत नाही. एका कुशीवर वळवावं, पाठ-मान उशीने थोडी उंच करावी. सक्शन मशीनने घशात खोल नळी घालण्याचा उपयोग थोडा आणि इजा जास्त. स्राव कमी करणारी औषधं असतात, ती आधीच घरात आणून ठेवायची. ऊर्ध्व लागणं म्हणजे श्वासाची लय तुटणं. काही श्वास खोल, मग उथळ, मग दहा-वीस सेकंद किंवा त्याहून जास्त काहीच नाही, मग पुन्हा सुरू. हात-पाय गार पडतात, गुडघे-तळवे निळसर-जांभळे दिसतात, लघवी कमी आणि गडद होते. वात झाल्यासारखं होतं तेव्हा माणूस चादर ओढत राहतो, स्वतःच्याच घरात "मला घरी जायचंय" म्हणतो, वारलेल्या भावाशी बोलतो. तिथे वाद घालू नये. मात्र अस्वस्थता अचानक वाढली तर 'शेवट आला' असं धरून बसण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. लघवी तुंबली आहे का, आणि किती दिवस शौचाला झालेलं नाही. पुष्कळदा तगमगीचं मूळ तिथेच असतं आणि नर्स ते तासाभरात दूर करू शकते.

आणखी एक. चार दिवस न बोललेले वडील अचानक डोळे उघडतात, नावाने हाक मारतात, चमचाभर श्रीखंड मागतात. घरात दिवाळी होते, कुणीतरी डॉक्टरांना "औषध लागू पडलं" म्हणून फोन करतं. विझण्याआधी दिवा मोठा होतो असं म्हणतात ते हेच. हे आधी माहीत असेल तर त्या दुपारी फोनाफोनी करण्याऐवजी त्यांच्याजवळ बसता येतं.

हे सगळं एका कागदावर लिहून कॉटशेजारी लावावं आणि खाली मोठ्या आकड्यांत दोन फोन नंबर. पहिला होम केअरच्या नर्सचा, दुसरा फॅमिली डॉक्टरांचा. हा कागद नसेल तर पहाटे तीनला श्वास अडखळताच हात आपोआप १०८ कडे जातो. अ‍ॅम्ब्युलन्स येते, तिचं काम ती चोख करते, आणि सकाळी जे टाळायचं ठरवलं होतं तेच झालेलं असतं. व्हेंटिलेटर, काच, भेटीची वेळ. मग "मीच फोन केला" हा काटा वर्षानुवर्षं बोचतो. आई-वडील शुद्धीत असतील तर वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, करून ठेवण्याचा फायदा इथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. कायद्याइतकाच त्याचा मनाला उपयोग. निर्णय त्यांचा असतो, मुलांनी तो फक्त पाळायचा असतो.

अपराधीपणाचं सगळ्यात मोठं घर म्हणजे जेवण. आपल्याकडे माया ताटातून वाहते. "दोन घास तरी घे गं" हे आयुष्यभर आईने म्हटलेलं वाक्य आता मुलगी आईला म्हणते आणि आई तोंड मिटून घेते. शेवटच्या आठवड्यांत भूक जाते ती शरीर अन्न वापरू शकत नाही म्हणून. न खाल्ल्याने माणूस जात नाही, जायला निघालंय म्हणून खाणं सुटतं. जबरदस्तीने भरवलेली पेज श्वासनलिकेत जाते. "निदान सलाईन तरी लावा" असं भेटायला आलेले म्हणतात. पण थकलेल्या शरीराला ते पाणी झेपत नाही, पाय सुजतात, छातीत पाणी साठतं आणि तीच घरघर वाढते. मग माया दाखवायची कशी? तोंडाच्या काळजीतून. दर दोन तासांनी ओल्या मऊ कापसाने किंवा गॉझने जीभ, हिरड्या, टाळू पुसायचे. गिळता येत असेल तर चमच्याच्या टोकाने थोडं पाणी किंवा बर्फाचा बारीक खडा. ओठांना तूप किंवा व्हॅसलिन, मात्र ऑक्सिजन चालू असेल तर तेलकट काही नको, पाण्यावर आधारलेला (वॉटर-बेस्ड) जेल वापरायचा. हे काम ज्याच्या हाती येतं त्याचं मन ताळ्यावर येतं, कारण 'मी काहीच करत नाहीये' ही टोचणी थांबते. भेटायला आलेल्या आत्यालाही गॉझ आणि वाटी हातात द्यावी. सलाईनविषयी पुन्हा बोलत नाहीत.

तीव्र वेदनांवरच्या मॉर्फिन या औषधाची भीती दुसरी. "सवय लागेल", "त्यानेच लवकर जातील". गोळी असते ती साधारण दर चार तासांनी, ठरलेल्या वेळी, दुखायची वाट न पाहता. दुखणं डोकं वर काढू नये हाच त्या वेळापत्रकाचा हेतू. वेदनेच्या मापाने दिलेल्या मॉर्फिनने मृत्यू ओढून आणला जात नाही. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ येते, मग ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. इथे चूक होते ती अशी: 'आज बरं दिसतंय' म्हणून कुणीतरी दुपारची गोळी गाळतं, रात्री वेदना उसळते, ती काबूत यायला पहाट होते, आणि गोळी गाळणारा माणूस स्वतःला माफ करत नाही. वहीत तारीख, वेळ, गोळी, देणाऱ्याची सही असे चार रकाने आखले की हे भांडण घरात येत नाही. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त केंद्रांना पेशंटला मॉर्फिन देणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. तरी गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतीलच असं नाही. साठा संपायच्या तीन-चार दिवस आधी केंद्रात जाऊन आणायला माणूस नेमलेला हवा.

आणि इथे सुरुवातीचं ते वाक्य उपयोगी पडतं. फ्रीजवर एक यादी लावायची. गोळ्या आणणं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते पाच कॉटजवळ बसणं. मुलांना क्लासला सोडणं. नोव्हेंबर असेल तर पेन्शनसाठी हयातीचा दाखला (यातला क्रूर विनोद सगळ्यांनाच कळतो, हसून घ्यावं). एअर बेडचं, म्हणजे पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आणलेल्या हवेच्या गादीचं, भाडं भरणं. गुरुवारचा डबा, कमी तिखट. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी एक मेसेज टाकणं, म्हणजे चाळीस फोन येत नाहीत. कुणी "काही लागलं तर सांग" म्हटलं की यादीतली एक ओळ वाचून दाखवायची आणि समोर नाव लिहायचं. संकोच वाटेल. पण ज्याने विचारलं तोही काय करावं हे न सुचल्यानेच विचारत असतो.

रात्र मात्र यादीत सगळ्यात वर. नर्सिंग ब्युरोची मावशी बारा तासांची ठेवायची झाल्यास परवडेल तेवढ्या तरी रात्रींसाठी ठेवावी, दिवसासाठी नव्हे. दिवसा माणसं मिळतात, रात्री नाही. मावशी ठेवणं शक्य नसेल तर भावंडांत रात्री वाटाव्यात आणि ज्याची सुट्टी त्याने दुसऱ्या घरी झोपावं. त्याच घरात झोपलं तर प्रत्येक खोकल्याला जाग येते. आणि सगळंच अंगाबाहेर जाऊ लागलं तर काही दिवस हॉस्पिसमध्ये भरती करता येते का, हे टीमला विचारावं. काळजी घेणाऱ्याला विसावा मिळावा हे अशा भरतीचं मान्य कारण आहे, त्यात टाकून देणं वगैरे काही नाही.

वाटणीचा विषय निघाला म्हणून सुनेबद्दल. डायपर, स्पंजिंग, पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग यातलं बरंचसं तिच्या हातून होतं, आणि रडण्याचा मान मात्र लेकीचा असतो. पंधरा-वीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढलेल्या बाईला सासू जाताना काय वाटत असेल, हे विचारायला कुणी थांबत नाही. भांडणं झालेली असतील तर तिचा गुंता जास्तच. समुपदेशकाची पंधरा मिनिटं तिलाही मिळायला हवीत, आणि नवऱ्याशिवाय.

परदेशातल्या मुलाचं दुःख निराळ्या जातीचं. तो इथे नसतो म्हणून त्याला उतरती पायरी दिसत नाही, एकदम तळ दिसतो. विमानातून उतरतो आणि "अजून एक ओपिनियन घेऊ" म्हणतो. इथल्या बहिणीला तो आरोप वाटतो, आणि असतो तो पश्चात्ताप. उपाय सोपा आहे. टीमच्या फेरीच्या वेळी त्याला व्हिडिओवर घ्यायचं, डॉक्टरांचं बोलणं त्याने थेट ऐकायचं, बहिणीने निरोप्या व्हायचं नाही. एरवीच्या फोनसाठी रात्रीची साडेदहाची वेळ धरली तर न्यू जर्सीत दुपार असते, कॅलिफोर्नियात सकाळ. फोन उशीशी ठेवून त्याने रामरक्षा म्हणावी, क्रिकेटचा स्कोअर सांगावा, काहीही. बेशुद्ध वाटणाऱ्या माणसाला ऐकू येत असावं असं मानायला आधार आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रतिसाद न देणाऱ्या हॉस्पिसमधल्या काही पेशंटचे मेंदू शेवटच्या तासांतही आवाजांना प्रतिसाद देत होते. त्यातलं किती कळतं हे त्यातून सिद्ध होत नाही. पण कॉटवर वाकून खर्चाची चर्चा करू नये, एवढं तरी नक्की ठरतं.

आतापर्यंतचं सगळं माहितीचं आणि वाटणीचं. त्याखाली एक एकटेपण असतं ते वेगळंच. आयुष्यभर ज्या माणसापाशी जाऊन रडायचं, तेच कॉटवर असतं. त्यात घराने ठरवलेलं असतं, "त्यांना काही सांगायचं नाही." मग आई विचारते, "मी बरी होणार ना?" आणि मुलगी म्हणते, "हो गं, अशक्तपणा आहे." बहुतेक वेळा आईला कळलेलं असतं. ती मुलीसाठी नाटक करते, मुलगी तिच्यासाठी, आणि दोघी एकेकट्या पडतात. हे नाटक एका झटक्यात मोडायचं नसतं. उलट प्रश्न विचारायचा, "तुला काय वाटतंय, काय चाललंय?" आणि गप्प बसायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. तेवढी शांतता सहन होत नाही म्हणून आपण घाईने "होशील गं बरी" म्हणतो आणि दार बंद होतं. ती नको म्हणाली तर नको. विचारलं तर जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं.

मराठी घरात 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य तोंडातून निघत नाही, आणि ते शेवटच्या महिन्यात शिकायचा हट्टही नको. "तुझ्यासारखी आमटी जमत नाही, गोडा मसाला कधी घालतेस ते सांग" हे त्याचंच भाषांतर आहे. फोनवर रेकॉर्ड करावं, पाच मिनिटं, तिचा श्वास पुरेल तेवढंच. वडिलांना निरवानिरवीचे कागद समजावून सांगू द्यावेत, तुम्हाला माहीत असले तरी.

एक वाक्य मात्र मोठ्याने कुणी म्हणत नाही: "आता लवकर सुटका होऊ दे." ते मनात आलं की माणूस स्वतःला राक्षस समजू लागतो. कॉटजवळ काही रात्री काढलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात ते येऊन गेलेलं असतं, होम केअरच्या नर्सला विचारून पाहा. त्यांची सुटका आणि आपली झोप या दोन इच्छा एकाच वाक्यात मिसळलेल्या असतात. त्यात "कशात तरी जीव अडकलाय त्यांचा" असं कुणी म्हणालं की नव्या शोधाला सुरुवात होते, कशात अडकलाय, माझं काय चुकलं. जीव अडकत नाही. हृदय धडधाकट असलं की बाकी सगळं थकल्यावरही ते चालत राहतं, इतकंच.

हे बोलायला घरात कुणी नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. झोपायला मिळूनही दोन आठवडे झोप लागत नसेल, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढत असतील, आपणही संपावं असं वाटत असेल, तर तेराव्यापर्यंत थांबू नये. त्याच दिवशी फोन करावा.

घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरांनी द्यावा लागतो, घरच्या मृत्यूसाठी त्याचा नमुना ४-अ. स्मशानात तो मागतात. रात्री दोनला सही द्यायला कोण येईल हे फॅमिली डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं, आणि हे काम घरच्यांनी न करता यादीतल्या एखाद्या समजूतदार मित्राने करावं. त्या रात्री रडायला सवड मिळते ती अशी. मृत्यूची नोंद २१ दिवसांत.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, चौदाव्या दिवशी एअर बेडवाला मशीन घेऊन जातो आणि फरशीवर कॉटच्या पायांचे चार डाग उरतात. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नियमानुसार हॉस्पिसने मृत्यूनंतर वर्षभर घरच्यांची विचारपूस करायची असते. आपल्याकडे तसा नियम नाही, काही केंद्रं आपणहून फोन करतात. म्हणून उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या परत द्यायला स्वतः जावं. नर्स त्या मोजते, वहीशी ताळा लावते, आणि बहुधा खुर्ची पुढे सरकवते. बसावं. दर चार तासांचा गजर फोनमध्ये अजून तसाच असतो, आणि रात्री दोनला वाजतो. तो लगेच काढून टाकायलाच हवा असं काही नाही.